आगीनंतरचा भाडेकरू

भाडेकरूला बाहेर काढा, हा सल्ला द्यायला निपाणीत माणसं कधी कमी पडत नाहीत. आमच्या खालच्या खोलीत गॅसचा भडका उडाला त्या रात्री तर अंगणभर सल्लागार जमले होते. पोतं भिजवून आणायला जे पुढे आले नव्हते, तेच सल्ल्याला पुढे होते. ‘आत्ताच्या आत्ता सामान रस्त्यावर ठेवा.’ ‘पोलिसांत द्या.’ ‘परकी माणसं ठेवली की असंच होतंय.’ मी त्या रात्री काहीही ठरवलं नाही. घाबरलेल्या माणसाने रात्री बारा वाजता ठरवलेलं सकाळी कोर्टात टिकत नाही, आणि स्वतःच्या मनातही टिकत नाही.

नंतर मला बरंच विचारावं लागलं, वाचावं लागलं, दोन-चार शहाण्यांचे पाय धरावे लागले. त्यातलं जे इतरांच्या उपयोगी पडेल ते सांगतो. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, बेळगाव या पट्ट्यात ज्याच्याकडे दोन खोल्या जास्त आहेत तो घरमालक आहे, आणि पुष्कळ घरांत भाडं हीच म्हातारपणाची पेन्शन आहे. असा प्रसंग कोणावरही येऊ शकतो.

मी हेस्कॉम या वीज कंपनीतून निवृत्त झालेला मेस्त्री. केईबी मोडून केपीटीसीएल झालं, 2002 मध्ये हेस्कॉम आलं, तरी गावात मी अजून ‘केईबीवाला’च. जत्राट वेशीकडे वडिलांनी घेतलेली जागा आहे. पूर्वी तिथे तंबाखूची लहानशी वखार होती. निपाणीचा तंबाखू उतरणीला लागला तशा गावातल्या कितीतरी वखारींच्या खोल्या झाल्या, गोदामं झाली, मंगल कार्यालयं झाली. आमच्या वखारीच्या खोल्या झाल्या. खाली गोबीच्या गाड्यावाला, बायको आणि मुलगी. वर बँकेतला एक कारकून, बायको आणि लहान मूल.

गोबीवाला मूळचा रायबागकडचा, मातृभाषा कानडी, पण मराठी आमच्यापेक्षा ठसक्यात बोलतो. संध्याकाळी बसस्थानकाकडे गाडा लावायचा, रात्री अकराला परत. भाडं कधी चुकलं नाही. त्या रात्री त्याने खोलीत 14.2 किलोची घरगुती टाकी स्टुलावर उलटी ठेवली आणि दोन्ही तोंडांना बसणाऱ्या पितळी नळीने गाड्यावरची 5 किलोची छोटी टाकी भरायला घेतली. मागच्या न्हाणीत बायकोने त्याच्या अंघोळीसाठी चुलवण पेटवलं होतं. खोलीपेक्षा न्हाणी दोन पायऱ्या खाली. नळीचा जोड सैल होता.

इथे जरा थांबून गॅसचा स्वभाव सांगतो, कारण पुढचा निर्णय त्यावर उभा आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही, फरशीवरून पाण्यासारखा पसरतो, उताराकडे जातो आणि खड्ड्यात साचतो. टाकीत तो द्रवरूप असतो. उलट्या टाकीतून गळतो तो वायू नव्हे, द्रव, आणि एक लिटर द्रवाचा अडीचशे लिटरच्या आसपास वायू होतो. हवेत दोन टक्क्यांपासून साडेनऊ टक्क्यांपर्यंत तो मिसळला की ठिणगीची वाट बघतो. दहा बाय दहाची, नऊ फूट उंचीची खोली धरा. तिच्या हवेत दोन टक्के गॅस व्हायला किलो-सव्वा किलो पुरतो. तो फरशीलगतच साचला तर त्याहून खूप कमी. त्याला स्वतःचा वासही नसतो. येतो तो घाण वास मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. त्या रात्री खोलीत कोबी-लसणाचा वास एवढा होता की गॅसचा वेगळा कळलाच नाही.

गॅस दाराखालून न्हाणीत उतरला, चुलवणापर्यंत गेला आणि जाळ आल्या वाटेने परत खोलीत आला. पडदा, गादी, दाराची अर्धी फळी गेली, आढं काळं झालं. बायकोचा हात कोपरापर्यंत भाजला. मी बाहेरच्या भिंतीवरच्या मीटरपाशी जाऊन मेन बंद केला. गोबीवाल्याने ओलं पोतं हाताला गुंडाळून टाकी बंद केली. जाळाला गॅस मिळायचा थांबला तेव्हाच आग आटोक्यात आली. अग्निशमनचा बंब आला तोवर धूरच उरला होता. त्यांनी टाक्या अंगणात नेल्या, नोंद केली. पोलिसांतही नोंद झाली आणि तो भाग पुढे गोबीवाल्याने निस्तरला.

आता ठरवायचं काय?

एक बाजू उघड होती. हा अपघात नव्हता, रोजची सवय होती. एका टाकीतून दुसऱ्या टाकीत गॅस भरणं बेकायदा आहे. घरगुती टाकी धंद्याला वापरणंही बेकायदा आहे, त्यासाठी सन 2000 चा गॅस पुरवठ्याचा आदेश आहे. आग किंवा ज्वालाग्राही पदार्थ निष्काळजीपणे हाताळून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर भारतीय न्याय संहितेच्या 287 व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि घरमालक या सगळ्यातून आपोआप सुटतो असंही नाही. 13 मे 2022 ला दिल्लीतल्या मुंडक्यात एका इमारतीला आग लागून 27 माणसं गेली. आतला धंदा भाडेकरूंचा होता, पण अटक इमारतीच्या मालकालाही झाली. ‘मी फक्त भाडं घेत होतो’ हे उत्तर पंचनाम्यात भरवशाचं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीत गेलो तेव्हा तो राख झाडत होता. मी एवढंच विचारलं, ‘काय करत होतास?’ त्याने कोपऱ्यातून ती पितळी नळी आणून माझ्यापुढे ठेवली. ‘ह्याने भरतो काका. गाडेवाल्यांकडनंच मिळतीय. दिवाळीपासनं करतोय.’ कमर्शियल टाकी परवडत नाही, म्हणून. मी विचारलं नव्हतं तेही त्याने सांगितलं. एकदा आधीही वास आला होता आणि त्याने दार उघडून सोडून दिलं होतं. हे लपवलं असतं तर मला कधीच कळलं नसतं.

त्याच्या बायकोला मी वेगळं विचारलं. तिने तेच सांगितलं, फक्त नवऱ्याला चार शिव्या जास्त घालून.

गल्लीतल्या एकाने मात्र विषय भाषेवर नेला. सीमाभागात कुठलाही विषय तिथे न्यायला वेळ लागत नाही. त्याला म्हटलं, मागच्या वर्षी तुझ्या घरात कुकरचं झाकण छताला लागलं ते कुठल्या भाषेत? तो गप्प झाला, पण मनातून पटलं असं वाटत नाही.

मग कायदा. कोल्हापूरचा भाचा फोनवर म्हणाला, ‘मामा, लिव्ह अँड लायसन्स आहे ना? लायसन्स रद्द करा, विषय संपला.’ कोल्हापूर आमच्यापासून चाळीसेक किलोमीटर. पण कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की राज्य बदलतं, भाड्याचा कायदाही बदलतो. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता तेव्हा इथे मुंबईचा 1947 चा भाडेनियंत्रण कायदा चालायचा. 1 नोव्हेंबर 1956 ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, 1961 मध्ये तिकडचा वेगळा कायदा आला आणि त्याच्या जागी कर्नाटक भाडे कायदा, 1999 आला, तो 2001 च्या अखेरीस अमलात आला. महाराष्ट्रातल्या 1999 च्या कायद्यात लायसन्सची मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याची झटपट वाट आहे. ती वाट नाक्याच्या पलीकडेच संपते. तरी आमच्याकडे झेरॉक्सच्या दुकानात कोल्हापूरचा मसुदा सर्रास मिळतो. लोक नाव-गाव बदलून सह्या करतात आणि भांडण झालं की कळतं, आपण दुसऱ्या राज्याचा कागद जपून ठेवला होता.

कर्नाटकातला 1999 चा कायदाही सगळ्यांना लागत नाही. भाडं मोठ्या शहरांत महिना 3,500 आणि इतर ठिकाणी 2,000 रुपयांच्या वर असेल तर तो बाजूला होतो. आज निपाणीतसुद्धा एवढ्या भाड्यात धड खोली मिळत नाही. म्हणजे बहुतेकांना लागतो तो 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. महिन्याच्या भाड्याची जागा असेल तर 106 व्या कलमाप्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस. अकरा महिन्यांचा करार असेल आणि मुदत बाकी असेल तर नुसत्या नोटिशीने भागत नाही. करारातली अट मोडली आणि ती मोडल्यास मालक जागा परत घेऊ शकेल असं करारात स्पष्ट लिहिलेलं असेल, तरच मुदतीच्या आत करार संपवता येतो. (अकरा महिनेच का, असं बरेच जण विचारतात. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, तो खर्च आणि फेरा टाळायला.)

बेळगावला कोर्टात वकिली करणारे आमच्या नात्यातले एक आहेत. त्यांनी मला 114अ हे कलम वाचून दाखवलं. अट मोडल्याबद्दल करार संपवून दावा लावायचा, तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते. कुठली अट कशी मोडली ते त्यात लिहायचं, आणि चूक सुधारता येण्यासारखी असेल तर ‘सुधार’ असंही लिहायचं. वाजवी वेळेत त्याने सुधारली नाही, तर मग दावा. मला हे कलम आवडलं. ब्रिटिशांच्या काळातल्या कायद्यात 1929 मध्ये घातलेलं, पण आमच्या गल्लीतल्या कोणाहीपेक्षा शहाणं. ते आगीचा आकार विचारत नाही. चूक दुरुस्त होण्यासारखी आहे का आणि हा माणूस ती करतो का, एवढंच विचारतं.

वकिलांनी आणखी एक बजावलं. सामान बाहेर ठेवायचं नाही, कुलूप बदलायचं नाही, पाणी-वीज तोडायची नाही. कोर्टाच्या हुकमाशिवाय बाहेर काढलेला भाडेकरू विशिष्ट साहाय्य कायद्याच्या सहाव्या कलमाखाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि तेव्हा मालकी कोणाची हा प्रश्न कोर्ट काढतही नाही. आगीच्या रात्री मी मेन बंद केला ते बरोबर. तोच मेन मी पुढे आठवडाभर बंद ठेवला असता तर ती बळजबरी झाली असती. जे एकरकमी पैसे घेऊन घर ‘लीजवर’ देतात, त्यांनी तर हे दुप्पट ध्यानात ठेवावं. रक्कम परत देण्याची तयारी नसेल तर काढण्याची भाषा तोंडात आणू नये.

कायदा कळला, तरी निर्णय झाला नव्हता. तो खरा अडला वरच्या मजल्यावर. कारकुनाची बायको जिन्यात उभी राहून मला म्हणाली, ‘काका, तुमची माणुसकी ठीक आहे. पण झोपायचं आम्हाला वर आहे.’

याला उत्तर नव्हतं. भाडेकरूला ठेवायचं की काढायचं हे आपण मालक आणि भाडेकरू या दोघांतलं प्रकरण समजतो. पण जो धोक्यात असतो तो पुष्कळदा तिसराच असतो. त्याची कुठल्या कागदावर सही नसते. माझी दया तिच्या मुलाच्या जिवावर चालणार असेल तर ती दया मला करायचा अधिकार नाही. म्हणून मी ठरवलं की खालच्या माणसाला ठेवायचं तर तिच्या मनातली भीती जाईल अशा अटींवर, नाहीतर पंधरा दिवसांची नोटीस.

काढण्याच्या विरोधात एक गोष्ट मला खटकत होती, ती दयेची नव्हती. त्याला काढला असता तर तो कुठे गेला असता? साखरवाडीत किंवा बेळगाव नाक्याकडे, दुसऱ्या कोणाच्या खोलीत. तिथल्या मालकाला नळीची गोष्ट माहीत नसती, आणि कमर्शियल टाकी तर त्याला तिथेही परवडली नसती. माझ्या अंगणातला धोका मी फक्त दुसऱ्याच्या अंगणात नेऊन ठेवला असता.

अटी मी मराठीत लिहिल्या आणि शेजारच्या शाळेतल्या मास्तरांकडून कानडीत करून घेतल्या. समजलं नाही म्हणायला जागा नको. गाड्याच्या टाक्या खोलीत नाहीत, अंगणातही नाहीत. त्याने एका जुन्या वखारीच्या उघड्या आवारात जाळीचा कठडा भाड्याने घेतला. गाड्यासाठी स्वतःच्या नावावर 19 किलोची निळी कमर्शियल टाकी, आणि छोटी लागलीच तर एजन्सीतून मिळणारी 5 किलोची, जिला पत्त्याचा पुरावाही लागत नाही, ओळखपत्र पुरतं. घरात स्वयंपाकाची एकच लाल टाकी, उभी, ओट्याच्या खाली, शेगडी तिच्याहून उंच. केशरी सुरक्षा नळी नवीन, पाच वर्षांनी बदलायची. चुलवण न्हाणीतून उठवून मागच्या उघड्यावर. स्वयंपाकाच्या भिंतीला फरशीलगत जाळीचं भोक मी पाडून दिलं. जड वायू खालूनच बाहेर जातो, वरच्या झरोक्याचा त्याला उपयोग नाही. हा खर्च मालकाचा. दाराची फळी आणि रंग त्याचा, हप्त्याने. यातलं काही मोडलं तर करार संपला आणि जागा परत, हे वाक्य वकिलांनी घातलं. वरच्या बाईंना मी सांगितलं, वास आला किंवा दारात दुसरी टाकी दिसली तर मला विचारायचं नाही, थेट 1906 ला लावायचा. गॅसगळतीसाठी तो नंबर दिवसरात्र चालू असतो.

तिने सही मागितली. कायद्याने गरज नव्हती. तरी तिचीही सही घेतली.

वाचणाऱ्याला वाटेल, म्हाताऱ्याला गोबी आवडत असणार. नाही. त्याने पहिल्या सकाळी ‘रेग्युलेटरच खराब निघाला काका’ असं म्हटलं असतं, तर नोटीस त्याच दिवशी गेली असती. हे मी छातीठोक सांगतो, कारण त्याच्या आधी एकाला मी काढलं होतं, आणि त्याच्या खोलीत साधी आगसुद्धा लागली नव्हती.

तो वरच्या खोलीत राहायचा. कंपनीचा माल दुकानांना देत हिंडणारा तरुण, बोलायला गोड, भाडं एक तारखेला. हिवाळ्यात त्याच्या खोलीचा एमसीबी पडायला लागला. कारण साधं होतं. पाणी तापवायचा 1500 वॅटचा रॉड आणि 2000 वॅटची इंडक्शन शेगडी तो एकाच एक्स्टेन्शनवर, सहा अँपिअरच्या साध्या पॉइंटला लावायचा. 230 व्होल्टवर हे दोन्ही मिळून पंधरा अँपिअर ओढतात. एमसीबी दहाचा. तो पडणारच, पडण्यासाठीच तो असतो. मी त्याला 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट वेगळ्या वायरने काढून देतो म्हणालो. त्यावर ‘हो काका, बघू’.

काही दिवसांनी एमसीबी पडायचा बंद झाला. बंद झाला म्हणून मला शंका आली. बोर्ड उघडला तर आत 32 चा एमसीबी. गावातल्या कोणा वायरमनकडून त्याने गुपचूप बदलून घेतला होता. लोकांना वाटतं एमसीबी माणसाला वाचवतो. तो वायरला वाचवतो. भिंतीत दीड चौरस मिलिमीटरची वायर आणि तिच्यावर 32 चा पहारेकरी, म्हणजे वायर तापून पाइपात वितळेल तरी तो जागचा हलणार नाही. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. अर्थिंगकडे 30 मिलिअँपिअर गळती झाली की सेकंदाच्या आत तोडतो. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, मी हात लावला नाही, आधीपासून असेल. माझ्याच हाताने बसवलेला बोर्ड! मी दहाचा परत बसवला, नवा पॉइंटही काढून दिला. महिन्याभरात जळक्या बॅकेलाइटचा वास आला म्हणून परत उघडला. या वेळी त्याने आरसीसीबीसुद्धा वायरने बायपास केला होता, आणि पुन्हा ‘मला माहीत नाही’.

अकरा महिने संपत आले होते. करार वाढवला नाही, मुदतीला जागा खाली करण्याची लेखी नोटीस दिली, डिपॉझिट हातात ठेवलं. गल्लीला ते पटलं नाही. ‘एवढ्याशा बटणावरून?’ ज्या गल्लीने काळं आढं बघून गोबीवाल्याला काढा म्हणून सांगितलं, तीच.

नोकरीत माझी एक सवय झाली. वायर जळाली की लोक जळालेली वायर बघतात. मी फ्यूजच्या जागी काय अडकवलंय ते बघायचो. मोठी आग लावून खरं सांगणारा माणूस सुधारता येतो. धोका दाखवणारं साधनच मोडून ठेवणारा आणि वर नाही म्हणणारा माणूस घरात ठेवू नये, मग त्याने आजवर काडीचंही नुकसान केलेलं नसो.

विजेच्या बाबतीत तर पहिली चूक दिसायच्या आतच शेवटची होऊ शकते. ऑगस्ट 2023 मध्ये बेळगावच्या शाहूनगरात बांधकामावर राहणाऱ्या एका मजूर कुटुंबातली तीन माणसं विजेच्या धक्क्याने गेली. त्यात एक लहान मुलगी होती. नोव्हेंबर 2025 मध्ये बेळगावच्याच अमननगरात बंद खोलीत कोळसा पेटवून झोपलेले तीन तरुण सकाळी उठलेच नाहीत. कोळशाच्या शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला गॅसच्या टाकीसारखा वास मिसळलेला नसतो. रंग नाही, धूर नाही, झोपेतून जाग येत नाही. न्हाणीतल्या गॅस गीझरचंही तेच. भाडेकरूला ताकीद देण्याचा प्रश्नसुद्धा तिथे उरत नाही, म्हणून या गोष्टी घर देतानाच बोलाव्या लागतात. डिपॉझिट किती, पाणी किती वेळ, मांसाहार चालतो का, हे सगळं आपण दारातच विचारतो. शेगडी कशावर, पाणी कशावर तापवणार, धंद्याचा माल खोलीत ठेवणार का, हे कोणी विचारत नाही.

आणि धोका घराचाच असेल तर? आमच्या जिल्ह्यात मातीच्या भिंतींची जुनी घरं अजून भाड्याने जातात. 6 ऑक्टोबर 2021 ला बेळगाव तालुक्यातल्या बडाल अंकलगीत पावसाने भिजलेलं घर कोसळून एकाच वेळी सात माणसं गेली. अशा घरात भाडेकरूचा निष्काळजीपणा शोधण्यात अर्थ नाही. करारात तसं वेगळं ठरलेलं नसेल तर 1882 चा कायदा भाडेकरूला हक्क देतो. मालकाने करायची दुरुस्ती सांगूनही वाजवी वेळेत झाली नाही, तर भाडेकरूने ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. जागेतला न दिसणारा मोठा दोष मालकाला माहीत असेल तर त्याने तो आधीच सांगायला हवा, हेही त्याच कायद्यात आहे. दुरुस्ती मागणाऱ्या भाडेकरूला ‘कटकट्या’ म्हणून काढणारे मालक मी पाहिले आहेत. त्यांनी खरं तर त्याचे आभार मानायला हवे होते.

गोबीवाला अजून आमच्याकडे आहे. मुलगी कानडी शाळेत सहावीला आहे. करार दरवर्षी नवा होतो आणि अटींचा कागद त्याला जोडलेला असतो. वरच्या बाई सणाला त्यांच्याकडे ताट पाठवतात, पण येता-जाता दारातून आत नजर टाकल्याशिवाय जिना चढत नाहीत, आणि मला ते अगदी योग्य वाटतं.

एमसीबीवाल्याची गोष्ट एकदा पुन्हा निघाली. संकेश्वरच्या एका घरमालकांचा फोन आला, तुमच्याकडे होता तो मुलगा कसा आहे म्हणून. मी सांगितलं, भाडं वेळेवर देतो, दारू नाही, भांडण नाही. आणि दोन वेळा बोर्डात काय सापडलं तेही सांगितलं. त्यांनी त्याला खोली दिली की नाही, मी विचारलं नाही. असा फोन तुम्हाला आला तर ‘चांगला होता’ म्हणून मोकळे होऊ नका. जे पाहिलं ते सांगा, कारण त्या घरातही वर कोणीतरी झोपतं.